गुंडीला वळण लावा

पहिली शंका तिला अर्ज बघूनच आली. गाडीच्या माहितीसाठी त्यात एक ओळ होती, आणि ‘अपघात झाल्यास कोणाला कळवावे’ यासाठी चार. त्या चारही ओळींत नवऱ्यानं ठळक अक्षरांत तिचं नाव, नातं, पत्ता आणि फोन नंबर लिहून टाकला होता.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“शर्यत. हौशी लोकांची. जुन्या धावपट्टीवर आपापली रोजची गाडी न्यायची, एकेकट्यानं पळवायची. ते वेळ मोजतात. बास.”

“आपापली म्हणजे आपली? भाजी आणायची?”

“तीच,” नवरा म्हणाला, आणि त्यानं खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिला उगीचच मत्सर वाटला.

नवरा विमा कचेरीत कारकून होता. अपघातांशी त्याचा बारा वर्षांचा संबंध, पण सगळा कागदोपत्री. रस्त्यावर तो इतक्या बेतानं गाडी चालवी, की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत, आणि पुढे जाताना वळून बघत, चालवणाऱ्याला बरंबिरं नाही की काय. असा माणूस शर्यतीत उतरणार म्हटल्यावर कोणीही हसलं असतं. पण ती कोणीही नव्हती. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती, आणि तिथे फळीवरून एखादं पुस्तक पडलं तर वाचकांच्या आधी तीच ओरडे. (भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी वाचकांसाठी नसून तिच्यासाठी आहे, असं विद्यार्थी म्हणत.) “नाही जायचं,” ती म्हणाली.

“भित्री भागूबाई,” सासूबाई आतून म्हणाल्या. सासूबाई निवृत्त शिक्षिका. तीस वर्षांत त्यांनी वर्गच्या वर्ग वळणावर आणले होते, आणि आता वर्ग नाही म्हणून कपाटातल्या चादरींना, दारातल्या पायपुसण्याला आणि जमेल तसं सुनेला वळण लावत होत्या.

“असं करू,” नवरा समजुतीनं म्हणाला. “वेग माझ्याकडे, सुरक्षा तुझ्याकडे. शर्यतीतल्या लोकांसारखा सीटचा पट्टा घेऊ. कुठला, ते तू ठरव. मी तो बसवतो. मग शनिवारी संध्याकाळी तू स्वतः त्यात बसून बघ. दहा सेकंदांत पट्टा सोडून बाहेर यायचं असा तिथला नियमच आहे. तू दहा सेकंदांत आलीस, न ओरडता, तर मी रविवारी जाणार. ओरडलीस तर रद्द. शब्द देतो.”

म्हणजे तिनं फक्त ओरडायचं होतं. तिला दुसरं काही येवो न येवो, ते उत्तम येत होतं. पण अर्जावर फोटो चिकटवल्यावर डिंक वाळावा म्हणून नवऱ्यानं त्यावर हलकेच फुंकर मारली, ती तिनं पाहिली. लग्नाला चार वर्षं झाली. इतक्या मायेनं त्यानं कशावर फुंकर मारलेली तिला आठवेना. बिचाऱ्याची शर्यत आपल्या किंकाळीपायी बुडायला नको, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ग्रंथालयातल्या कोऱ्या कार्डांवर पट्ट्यांची सूची करायला घेतली. चारपट्टी, पाचपट्टी, सहापट्टी, म्हणजे माणसाला तितक्या पट्ट्यांनी सीटला बांधणारी. प्रत्येकीचं स्वतंत्र कार्ड, डाव्या कोपऱ्यात क्रमांक, खाली गुण आणि लाल शाईत धोके. लाल शाईची बाटली मंगळवारी संपली. बुधवारी एका जाहिरातीत तिला असा शब्द सापडला, की ती कार्डं घेऊन तडक घरी आली.

“ती धावपट्टी समुद्राजवळ आहे का?”

“नाही. का?”

“मग तळं? नदी? विहीर तरी?”

“अगं, काय झालं काय?”

“सहापट्टीत दोन पट्टे पाणबुडी-विरोधी आहेत असं लिहिलंय!”

नवऱ्यानं जाहिरात वाचली. त्यालाही काही उमजेना, पण तसं कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. “असतील आंतरराष्ट्रीय नियम,” तो म्हणाला.

शेवटी दोघं डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेकॅनिक. इंजिनाला लोखंडी सळई टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटून रोग सांगायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

“पाणी कुठलं आलंय, वहिनी!” डॉक्टर हसून म्हणाला. “जोरात धडक बसली की माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो. खाली, खाली, पार सीटच्या तळाशी. बुडी मारल्यासारखा. तसं होऊ नये म्हणून मांड्यांमधून दोन पट्टे येतात.”

तिच्या डोळ्यांसमोर नवरा बुडी मारून गेला. तिनं चारपट्टीचं कार्ड फाडलं. “सहापट्टीच घ्यायची,” ती म्हणाली.

डॉक्टर तोवर एका गाडीखाली शिरला होता. नवऱ्यानं वाकून विचारलं, “डॉक्टर, सहापट्टीच ना? लाल घेऊ की निळी?”

डॉक्टरनं तोंडात तीन बोल्ट धरले होते. त्यातून जे आलं ते असं ऐकू आलं : “काळी पाहिजे आधी. काळीशिवाय घेऊच नका.”

“इतकं महत्त्वाचं असतं?”

“मग! काळी नसेल तर जिवाशी खेळ.”

रंगाचा एवढा संबंध असतो हे एकाही जाहिरातीत नव्हतं! तिनं प्रत्येक कार्डावर लाल शाईत ‘काळीच’ असं लिहिलं. (शाईची नवी बाटली आणली होती.) काळी सहापट्टी दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्यात दाखवायला ठेवलेली एकच होती. नवऱ्यानं शुक्रवारी रजा काढली, आणि “आपली गाडी, आपला पाना” असं म्हणत दिवसभर गाडीत उलटा लटकून ती बसवली.

शनिवारी दुपारी नवरा शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या बैठकीला गेला. सासूबाई वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसल्या. संध्याकाळच्या परीक्षेआधी एकदा गुपचूप सराव करावा, म्हणून ती “जरा खाली जाऊन येते” म्हणाली आणि गाडीत येऊन बसली.

आधी तिनं गाडीचा मूळचा, कंपनीचा पट्टा लावला. शर्यतीत त्याची गरज नसते हे तिला ठाऊक होतं, पण सुरक्षेच्या बाबतीत हात आखडता घेणं तिला पटेना. मग त्यावरून खांद्यांचे दोन, कमरेचे दोन, आणि जरा इकडेतिकडे बघून पाणबुडीचे दोन. सहाही टोकं पोटावरच्या गोल गुंडीत खट्‌ खट्‌ करत बसली. प्रत्येक खटक्याला ती दचकली, पण ओरडली नाही. मग तिनं पट्टे ताणले. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘श्वास घेता येईल इतपत घट्ट.’ तिनं त्याहून थोडे जास्त ताणले. फोनवर दहा सेकंद लावले आणि गुंडी दाबली.

गुंडी ढिम्म.

पुन्हा दाबली. मग ओढली. मग कडेनं नख घालून उचकटून पाहिली. दहा सेकंद संपले आणि फोन इतक्या मोठ्यानं केकाटला, की ती जागच्या जागी उडाली. म्हणजे उडणार होती. सहापट्टीनं उडू दिलं नाही. पट्टा चांगल्या प्रतीचा होता यात शंका नव्हती.

हॉर्न वाजवावा तर सीट नवऱ्याच्या बेतानं मागे सरकवलेली, हॉर्नला चार बोटं कमी पडत होती. आणि वाजवून करायचं काय? चारचौघं जमणार, संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाणार, आणि शर्यत रद्द. इतक्यात वर खिडकीतून सासूबाईंनी हात केला. आपण मुद्दामच बसलो आहोत असं दिसावं म्हणून तिनं जमेल तितक्या शांतपणे मान हलवली आणि समोर बघत राहिली.

नवऱ्याचा फोन बंद होता. अपघात झाल्यास कोणाला कळवावे, याचा तिनं विचार केला, तर त्या चार ओळींत तिचंच नाव होतं. डॉक्टरचा फोन वाजून वाजून थांबला. तो कुठल्यातरी गाडीखाली असणार. मग तिनं बाजूच्या सीटवरचं पट्ट्याचं माहितीपत्रक ओढून घेतलं. त्यावर मदतकेंद्राचा नंबर होता. “आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,” एक गोड आवाज म्हणाला, “आपण रांगेत सातव्या क्रमांकावर आहात.” पाच मिनिटांनी तो म्हणाला, “आपण रांगेत आठव्या क्रमांकावर आहात.”

तिनं माहितीपत्रक उघडलं. मूळ भाषेतून ते कोणी मराठीत आणलं होतं देव जाणे. सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘अभिनंदन! आपली वाचण्याची शक्यता वाढली आहे.’ आणि शेवटी, ‘मुक्ततेसाठी मधल्या गुंडीला वळण लावा.’

वळण लावा? तिनं गुंडीकडे पाहिलं. सहा पट्टे गिळून बसलेल्या त्या उर्मट गुंडीला वळण नव्हतं हे खरंच, पण ते आत्ता, बसल्या बसल्या, कसं लावायचं? तिनं गुंडीला दोन टपल्या मारल्या. मग “सोड ना गं,” असं समजावूनही पाहिलं.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं बाजूच्याच सीटवर नवऱ्यानं टाकलेली शर्यतीची नियमपुस्तिका वाचायला घेतली. पहिल्याच पानावर, दुसऱ्याच नियमात, जाड अक्षरांत छापलं होतं : ‘छताखाली पोलादी जाळी बसवलेली नसल्यास बहुपट्टी वापरण्यास मनाई आहे. गाडी उलटून छत दबल्यास पट्ट्यांनी ताठ धरलेल्या चालकास वाकता येत नाही. इतर सर्वांनी गाडीचा मूळ पट्टाच लावावा.’

तिनं तो नियम पुन्हा वाचला. जाळी. काळी नव्हे, जाळी! तीन बोल्टांमागून डॉक्टर जीव तोडून जाळी-जाळी म्हणत होता, आणि ते दोघं रंग शोधत गावभर फिरले होते. एवढा उपद्व्याप, एवढी कार्डं, दोन बाटल्या शाई. आणि नवऱ्यानं उद्या शर्यतीला, भाजीला जाताना लावतो तोच पट्टा लावून जायचं होतं! ओरडायला याहून चांगलं निमित्त तिला आयुष्यात मिळालं नव्हतं. पण सहापट्टीत ओरडण्याइतका श्वास भरता येत नव्हता.

डावा पाय बधिर झाला. रांगेत ती नववी झाली. तेव्हा मात्र तिनं हात टेकले, मदतकेंद्राचा फोन तोडला आणि ज्यांना मुळीच कळू द्यायचं नव्हतं त्यांनाच फोन लावला.

पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

“गेला का राग?” सासूबाईंनी विचारलं.

“राग? कसला राग, आई?”

“अगं, पाऊण तास गाडीत जाऊन बसली आहेस. मी हात केला तर मान हलवून तोंड फिरवलंस. मी म्हटलं, असेल रुसली. येईल आपली आपण.”

“आई, मी रुसले नाही. मी अडकलेय. पट्टा सुटत नाहीये.”

पलीकडून वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. “त्यांनी काही कागद दिलाय का? काय लिहिलंय ते वाच. शब्द न् शब्द वाच.”

“‘मुक्ततेसाठी मधल्या गुंडीला वळण लावा.’”

“मग फिरव की!”

“अं?”

“वळव, फिरव असं म्हणायचंय त्या मेल्याला. भाषा येत नाही, अन् लिहायला बसतात. फिरव ती गुंडी, नळ फिरवतात तशी.”

तिनं गुंडी फिरवली. खट्‌! सहाही पट्टे एका क्षणात गळून पडले. एका बोटाचाही जोर लागला नाही.

“सुटलं!”

“सुटणारच. आता खरं सांग, भीती वाटली का?”

तिनं आठवून पाहिलं. लाज वाटली होती, संताप आला होता, पायाला मुंग्या आल्या होत्या. भीतीला मधे जागाच मिळाली नव्हती. “नाही वाटली,” ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

“ओरडलीस?”

“नाही.”

“झालं तर. जाऊ दे त्याला उद्या. ही गोष्ट तुझ्यामाझ्यात. ये वर.”

“आलेच!” असं म्हणून तिनं ऐटीत दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, झोकात उठली, आणि कोणीतरी मागून कचकन ओढावं तशी पुन्हा सीटवर आदळली. या वेळी मात्र ती अशी ओरडली, की तिन्ही मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

“काय झालं गं?” फोनमधून सासूबाई ओरडल्या.

“काही नाही, आई,” ती बारीक आवाजात म्हणाली. “कंपनीचा पट्टा.”