कट म्हणेपर्यंत

“मला नुसतं दार दाखवा हो! आत जाऊन काय करायचं ते मी बघून घेते!” असं बाई आदल्या दिवशी सगळ्या युनिटसमोर ठणकावून म्हणाल्या होत्या. आणि तिथेच सगळं बिनसलं, कारण दुसऱ्या दिवशी दार दाखवायला कुणी आलंच नाही.

बाई म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हे. तीस वर्षं रंगभूमी, सहा वर्षं मालिकेत दुष्ट आत्या. सिनेमात मात्र दोनदा नर्स आणि एकदा प्रेत, बस्स! आता पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पडद्यावर नाव झळकेल अशी भूमिका चालून आली होती. पण दिग्दर्शक पडला नव्या पिढीचा. मेकअप नको, तालीम नको, कॅमेरा कुठे लपवलाय ते विचारायचं नाही! बाईंनी दोनदा मधेच थांबून “लाइट कुठून येतोय?” असं विचारलं, तेव्हा तो दाढीतल्या दाढीत पुटपुटला, “उद्या शेवटची संधी. चौथा मजला. दार उघडं असेल. सरळ आत शिरा आणि सुरू करा. समोरचे नट मनाचं बोलतील, तुम्हीही बोला. पण मी कट म्हणायच्या आधी थांबलात, तर मी दुसरी नटी बघतो.”

बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. छप्पर कोसळलं तरी थांबायचं नाही!

सकाळी बघतात तर लिफ्ट बंद. बाई जिना चढता चढता संवाद घोकत होत्या. संवाद चोख पाठ झाले, मजले मोजायचे तेवढे राहिले. एक दार सताड उघडं दिसलं. नळ दुरुस्त करणारा यायचा होता म्हणून ते उघडं ठेवलं होतं, पण हे बाईंना कुठून कळणार! आत एक काका पेपर वाचत बसले होते आणि काकू वाटाणे सोलत होत्या. सोफ्यावर चहाचा डागसुद्धा होता. वा, काय सेट लावलाय, असं म्हणत बाई आत शिरल्या आणि गरजल्या,

“वीस वर्षं मी गप्प बसले! आज विचारा यांना, मी कोण ते!”

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. काकांनी पेपर खाली केला, चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

“अरेच्चा, तुम्ही! आमच्या घरी!”

काय नट शोधलाय, बाई मनात म्हणाल्या. लाजतोय कसा अगदी खराखुरा!

“तुम्ही ओळखता हिला?” काकूंनी विचारलं.

“ओळखतो म्हणजे काय! दर शनिवारी...” काकांनी जीभ चावली.

“शनिवारी? शनिवारी तर तुम्ही पाठीच्या व्यायामाला जाता!”

आता एवढं आयतं हातात आल्यावर बाई सोडतात होय! “सांगा ना! शनिवारी कुणासाठी येत होतात? अंधारात बसून कुणाकडे टक लावून बघत होतात?”

“म्हणजे मी दिसायचो तुम्हाला?” काका हरखून गेले. “तेराव्या रांगेतून?”

“रांग लागते?” काकू किंचाळल्या.

“अगं, मी तिकीट काढून जायचो! फुकट नव्हे!”

“वर पैसेही मोजलेत!”

काकू ताडकन उठल्या. वाटाण्याचं भांडं उलटलं आणि दाणे घरभर पळाले. एव्हाना बाईंचे संवाद तीनदा म्हणून झाले होते, पण कट काही येईना. मग बाई रडल्या, सोफ्यावर कोसळल्या, उठल्या, पुन्हा रडल्या. तोवर काकूंनी आतून बॅग आणली आणि तीत काकांचे बनियन कोंबायला सुरुवात केली. शेवटी गोळ्यांची एक पट्टी बाईंच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, “सकाळी एक, रात्री एक. विसरतात ते. आता तुम्हालाच द्यायच्यात.”

काकूंचे डोळे भरले होते. पट्टीतल्या चार गोळ्या संपलेल्या होत्या. बाईंनी पहिल्यांदाच कॅमेरा कुठे दिसतो का ते शोधलं. इतक्यात बाईंचा फोन वाजला.

“बाई, आहात कुठे? आम्ही चौथ्या मजल्यावर कधीचे खोळंबलोय!”

“मग मी कुठे आहे?”

“तिसऱ्या!” काकांनी उत्साहाने सांगितलं.

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. “काकू, माफ करा हो! शूटिंग वरच्या मजल्यावर होतं! मी नटी आहे!”

“ते दिसतंच आहे!”

“अगं, नाटकातली!” काका कळवळून म्हणाले. “माझी पाठ कधी दुखलीच नाही, एवढंच खोटं बोललो!”

“वर शूटिंग आहे ना? चला, दाखवा मला!” काकूंनी एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हाताने बाईंचं मनगट धरलं आणि वरात जिना चढली.

वर दिग्दर्शकाने सुरू करायची खूण केली. पण बाईंचं जे काही होतं नव्हतं ते सगळं खाली वाहून गेलं होतं. अर्ध्या मिनिटात त्याने हात वर केला.

“कट. खोटं वाटतंय, बाई. अशी कुणी दारात येऊन ओरडली, तर घरातले विश्वास तरी ठेवतील का?”

गेली भूमिका! आता पुन्हा कोण बोलावणार?

“न ठेवायला काय झालं? मी ठेवला!” दारातून काकू कडाडल्या. “अर्धा तास ही माझ्या घरात रडत होती! माझे हात बघा, अजून थरथरताहेत! नवऱ्याची बॅग भरली मी, बॅग!”

त्यांनी बॅग दिग्दर्शकासमोर आपटली. त्याने उघडून पाहिली. पाच बनियन, मफलर, पाठीचा पट्टा. त्याने तो पट्टा उचलून उलटसुलट करून पाहिला.

“खाली जे केलंत, ते उद्या सकाळी इथे करा,” तो म्हणाला. “भूमिका तुमचीच.”

बाईंनी धावत जाऊन काकूंचे दोन्ही हात धरले. “काकू, कसे उपकार फेडू तुमचे!”

“उपकार कसले! सिनेमाचं काम म्हणजे रोजचंच असेल, नाही?”

“रोज! तीन-चार महिने तरी.”

“शनिवारीसुद्धा?”

“शनिवार-रविवार काही नाही. नाटक बंदच ठेवावं लागणार.”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. काकूंनी बॅग त्यांच्या हातात दिली. “चला घरी. वाटाणे वेचायचेत.”

ती दोघं जिना उतरून गेली, आणि मग कुठे तीस वर्षांच्या अनुभवी बाईंच्या लक्षात आलं, की आपण धरले तेव्हा काकूंचे हात मुळीच थरथरत नव्हते.