दारावरची फुली

परभणी जिल्ह्यातली कुठलीही नवी इमारत सांगा, मी डोळे बांधून तिच्यातून बाहेर येऊन दाखवतो. ही फुशारकी नाही, माझं कामच ते आहे. अग्निशमन विभागात मी इमारतींचे नकाशे तपासतो. आग लागली तर माणसं कुठून पळतील ते कागदावर बघायचं आणि चुकलं तिथे लाल पेन चालवायचा. पुढे इमारत उभी राहिली की जागेवर जाऊन माझी खास परीक्षा. सगळ्यांना बाहेर काढायचं, मेन स्विच बंद, डोळ्यांना रुमाल, एक हात भिंतीला, आणि पावलं मोजत मागच्या दारानं बाहेर. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो ना! माझी बायको धम्मशीला म्हणते, "आणि घरात साधा चष्मा सापडत नाही तुम्हाला." असो.

सोमवारी अकराच्या सुमारास मानवतला पोचलो. कापसाचे व्यापारी चन्नप्पा यांनी नवं मंगल कार्यालय बांधलं होतं आणि त्यातलं पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं, रुद्राणीचं, शुक्रवारी होतं.

"पत्रिका वाटून झाल्यात, साहेब," चन्नप्पा म्हणाले. "तुमच्या एनओसीबिगर कुलूप निघत न्हाई. पोरीचं लगीन काय रस्त्यावर लावू?"

"इमारत पास झाली की लगेच सही."

इमारतीच्या कडेला एक चौथरा होता, त्यावर ताजी फुलं. मी बघत राहिलो तसे चन्नप्पा म्हणाले, "आज्जाची समाधी हाय. आमच्यात बसवून पुरतेत. मांडी घालून, कपाळाला भस्म लावून. चाळीस वर्सं झाली, तसेच बसलेत आज्जा."

मी उगीचच दोन पावलं मागे सरकलो. खरं तर आमच्या घरी भुताखेतांना थारा नाही. माझ्या आईनं, सरजाबाईनं, मी लहान असतानाच सगळी हाकलून दिली होती. मी आवाज ताठ केला. "मी मागच्या दारानं येईपर्यंत एकही दार उघडायचं नाही. लोक मध्येच उघडतात, उजेड येतो, परीक्षा नासते. मागचं सोडून बाकी सगळ्या दारांना बाहेरून कड्या लावा. आतून मी ओरडलो तरी उघडायचं नाही."

मेन स्विच बंद करून, रुमाल बांधून आत शिरलो. हॉल संपला, स्वयंपाकघर संपलं, मागचा बोळ लागला. बोळाला खिडकी नव्हती. ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि माझ्या पावलांचा आवाज जरा उशिरा परत येत होता. नकाशाप्रमाणे बोळात बावीस पावलांवर दार होतं.

"वीस... एकवीस... बावीस," मी मोठ्यानं म्हणालो आणि हात पुढे केला. हाताला भिंत लागली.

"तेवीस," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

आवाज म्हातारा होता आणि जमिनीलगतून आला होता. मी रुमाल काढला. काही फरक पडला नाही, अंधार तेवढाच होता. खाली वाकून चाचपलं तर बोटांना गार, ओलसर राख लागली. ते कपाळ होतं. त्याच्याखाली मांडी घातलेले दोन गुडघे होते.

मी घाबरलो. साफ घाबरलो, लपवत नाही. मोठ्यानं बुद्धाचं त्रिशरण म्हणायला लागलो, तर समोरून 'ओम नमः शिवाय' सुरू झालं. थोडा वेळ आमची चढाओढ चालली, मग मी धडपडत मागे पळालो आणि स्वयंपाकघराच्या दारावर बुक्क्या मारल्या.

"चन्नप्पा, दार उघडा! आज्जा उठलेत!"

बाहेरून चन्नप्पांचा शांत आवाज आला. "कुणी कडीला हात लावू नका. साहेबांनी बजावलंय. परीक्षा चालू हाय."

माझ्यामागे काठी टेकत टेकत कुणीतरी येत होतं. अगदी जवळ येऊन थांबलं.

"आज्जा न्हाई, मी आप्पा हाय. चन्नप्पाचा बाप. घरात लग्नाचा गलका, म्हणून आज कुलूप निघालं तसा हितं पूजेला येऊन बसलो. लाईट गेली तर गप बसलो. तू कोण हाईस? मोजत मोजत येऊन माझ्या कपाळाला हात काय लावायलास?"

"मग तेवीस का म्हणालात?"

"बावीसला अडलास, म्हणून पुढचं सांगितलं."

मी त्यांचा हात घट्ट धरला. तो चांगला गरम होता. "आप्पा, तिकडे दार होतं ना?"

"नकाशात व्हतं म्हणं. कुण्या येड्यानं त्यावर लाल फुली मारली. चंद्रभान गवंडी म्हणला, फुली म्हणजे नको. बुजवून टाकलं."

तो येडा मीच. आमच्या टेबलावर दारावरच्या फुलीचा अर्थ, 'हे दार आत उघडतंय, बाहेर उघडणारं करा'. वर्षानुवर्षं आम्ही असंच करतो आणि ते बाहेर कुणाला सांगावं असं कधी वाटलेलंच नाही. चंद्रभान शाळेत जो शिकला तोच अर्थ त्यानं लावला.

मी खाली बसलो. खरी आग असती तर हा म्हातारा माझ्या फुलीनं बुजलेल्या दाराशीच अडकला असता. आणि शुक्रवारी इथे आठशे माणसं येणार होती. मला रडू आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं.

पाऊण तासानं कडी निघाली. काढली ती चन्नप्पांच्या बायकोनं, शांतम्मांनी. "आप्पांचं ताट कधीचं वाढून ठिवलंय, ते घरी न्हाईत," त्या नवऱ्यावर कडाडल्या. "तुमची परीक्षा घाला चुलीत."

चन्नप्पा मात्र खुशीत होते. "साहेब, तुमी रडायलते तरी आमी कडी काढली न्हाई. आता तरी पास का?"

मी शेरा लिहिला: 'नापास. कारण, तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं मारलेली फुली.' चन्नप्पांचा चेहरा उतरला.

"मंग लगीन?"

"चंद्रभानला बोलवा. भिंत फोडू. मी पण थांबतो."

तीन दिवस मी विटा वाहिल्या. गुरुवारी दार बसलं, बाहेर उघडणारं, आणि मी सही केली. त्याच दिवशी माझ्या शेऱ्यावरून ऑफिसातून मला कारणे दाखवा नोटीस आली.

शुक्रवारी लग्नाला गेलो. आप्पांनी खुर्ची त्या दाराशीच टाकली होती. येईल त्या पाहुण्याला धरून आणत होते. "जाळ लागला तर हितून पळायचं," ते सांगायचे, आणि मग काठी माझ्याकडे वळवायचे. "अन् हे साहेब. हे दार नव्हतं म्हणून रडायलते."

पंगती उठेपर्यंत आठशेच्या आठशे पाहुण्यांना ते दार पाठ झालं होतं. नोटिशीच्या उत्तरात मी तेवढंच लिहिलं. पाठ कसं झालं, ते लिहिलं नाही.