सुकटचं माहेर

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन कुरिअरवाला आला की तो पहिल्या दिवशी हमखास रडकुंडीला येतो. खाली कट्ट्यावर बसलेल्या हिराजीनानांना तो तीनशे चार नंबरचा फ्लॅट विचारतो आणि नाना तंबाखू मळत शांतपणे सांगतात, "उंबराच्या खाचरात जा. लिफ्टमधून निघालास का मोठा बांध लागंल. त्याच्या डाव्या अंगाला."

कुरिअरवाल्याला उंबर दिसत नाही, खाचर दिसत नाही आणि बांधाच्या जागी दिसतो तो चपलांच्या रॅकांनी भरलेला पॅसेज. पण पत्ता बरोबर असतो. बदलापूरजवळच्या सोनिवलीतली ही बिल्डिंग नानांच्या भातशेतीवर उभी आहे. बिल्डरने तिला इटलीतल्या एका शहराचं नाव दिलंय. ते शहर कालव्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जुलैमध्ये आमच्या पार्किंगकडे बघितलं की बिल्डर दूरदृष्टीचा होता हे मान्य करावं लागतं. जमिनीच्या बदल्यात नानांना तीन फ्लॅट मिळाले. दोन त्यांनी भाड्याने दिले, तळमजल्यावरच्या तिसऱ्यात ते एकटे राहतात. कागदोपत्री व्यवहार संपला, पण नानांच्या डोक्यातला सातबारा कोणी रद्द केलेला नाही.

आम्ही तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीहून इथे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "बेडरूम कुठली घेतली? मागची? बरा केला. तुमी निजता ना, तिथं आमची म्हस बांधायची." त्यानंतर आठवडाभर मला अंथरुणावर पडलं की कोणाची तरी जागा अडवल्यासारखं वाटत होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे म्हैस कशी चढायची, हे मी विचारलं नाही. नानांच्या नकाशाला उंची नसते.

आमचं नातं जुळलं ते सुकटमुळे.

नानांच्या माळ्यावर एका भटक्या मांजरीने पिल्लं घातली. त्यातलं एक काडीसारखं बारीक होतं, म्हणून नानांनी त्याचं नाव सुकट ठेवलं. माझ्या बायकोने ते पिल्लू मागितलं. मला वाटलं, पिशवीत घालून देतील. नाना आले ते धुतलेला शर्ट घालून, एका हातात पिल्लू आणि दुसऱ्या हातात नारळ. म्हणाले, "पोर दिली तुमच्या घरात. काय चुकलंमाकलं तर संभालून घ्या."

आमचं घर शाकाहारी. सुकट हे सुक्या मासळीचं नाव हाका मारायला बायकोला जड जाऊ लागलं. तिने ते बदलून कस्तुरी केलं. नाना दुखावतील या भीतीने ती स्वतःच त्यांना सांगायला गेली. नाना म्हणाले, "लग्नात नाव बदलतातच. आमचं काय म्हननं नाय." मांजर दोन्ही नावांना ओ देत नसे, त्यामुळे वाद वाढला नाही. मी मात्र त्या दिवसापासून 'सायब' होतो तो 'व्याही' झालो.

व्याही होणं सोपं नाही. दर रविवारी नाना लेकीच्या समाचाराला येत. चहा घेत, तिला मांडीवर घेऊन फासळ्या चाचपत आणि भिंतीकडे बघून म्हणत, "वाललीय."

"नाना, दिवसातून तीनदा खाते ती," बायको म्हणायची.

"त्या गोल्याच ना? त्या काय जेवन हाय, ताई? ती औषधं हायत."

मग ते खिशातून कागदाची पुडी काढून सुके बोंबील तिच्यापुढे ठेवत. आमच्या घरात. बायको फक्त खिडकी उघडायची. मुलीकडच्यांचा इतका मान आमच्या लग्नात माझ्या घरच्यांनीही ठेवला नव्हता, असं तिने मला नंतर सुनावलं.

यथावकाश कस्तुरीचं पोट दिसू लागलं. डेअरीमागचा पिवळा बोका, ज्याला नाना आजवर दिसेल तिथे चप्पल फेकून मारत, त्याच्यावरचा मारा एकदम थांबला. मी कारण विचारलं. नाना अवघडून म्हणाले, "जावय हाय. कसा बी असला तरी मान ठेवायला लागतं."

आणि एका सकाळी ते पुन्हा धुतलेला शर्ट घालून दारात उभे राहिले. आज हातात भाजीवाल्याचा प्लास्टिकचा क्रेट होता आणि त्यात चौघडी घातलेली मऊ गोधडी.

"पोरीला न्यायला आलोय."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? पयलं बालंतपन म्हायेरालाच. आजपासून सातवा लागला."

मी म्हटलं, मांजराचे दिवस दोन महिन्यांत भरतात, सातवा कुठून लागणार? नानांनी माझ्याकडे, शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं, कीव करून बघितलं. "मांजराचा आठवडा म्हंजे आपला महिना. नऊ आठवडे, नऊ महिने. सातव्यात न्यायची. आठव्यात हलवायची नाय."

मी पुस्तक काढून बघितलं. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांचेच असतात. व्याह्याशी पुराव्यानिशी हरल्यावर माणसाने ओटी भरावी. बायकोने क्रेटमध्ये मूठभर तांदूळ ठेवले. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर जायला एक मिनिट लागतं, पण बायकोचे डोळे भरून आले होते. मी बायकोची थट्टा केली आणि मग दिवसभर मलाही घर रिकामं वाटलं.

नानांच्या फ्लॅटमधली आतली खोली एरवी बंद असे. ती आम्ही प्रथमच पाहिली. खोलीत एक बाज होती, नवी, सुंभ अजून पिवळं होतं. बाजेखाली शेकायची शेगडी. कोपऱ्यात लहान लहान गोधड्यांचा ढीग, जुन्या नऊवारी साड्यांच्या, टाका इतका बारीक की मशीनने लाजावं. छताच्या हुकाला पाळण्याची दोरी गुंडाळून ठेवलेली. माझ्या मनात आलं, म्हातारा मांजरासाठी फारच करतोय. बायको मात्र गोधड्यांवरून हात फिरवत राहिली.

पुढचे तीन आठवडे नानांनी खोलीला ऊन लागू दिलं नाही, वारा लागू दिला नाही आणि सेक्रेटरीही लागू दिले नाहीत. सेक्रेटरी पाळीव प्राण्यांबाबत ठरावाची प्रत घेऊन आले होते. नानांनी ती वाचून घेतली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "तुमचं पार्किंग कुठं? खल्यावर ना? बरा." खळं म्हणजे भात झोडायची जागा, हे सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं. ते धमकी समजून गेले.

नववा आठवडा भरला त्या सोमवारी सकाळी अकराला नानांचा फोन आला. पहिलं पिल्लू झालं होतं. आम्ही खाली धावलो. पिल्लू उंदराएवढं, पिवळं, वडिलांवर गेलेलं. नानांनी शेगडीत ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी केली होती, त्यामुळे खोलीत बाळंतीण सोडून सगळे खोकत होते. आम्ही दुसऱ्याची वाट बघू लागलो.

एक वाजला तरी दुसरं आलं नाही. कस्तुरी कळा देत होती, थकून पडत होती, पुन्हा देत होती. एकच्या सुमाराला तिने ओरडणंही सोडलं. नानांनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हात तसाच ठेवून म्हणाले, "आडवं हाय."

मी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या प्राण्यांच्या डॉक्टरणीला फोन लावला. सिंधी मुलगी, तरुण, आवाजात घाई. "दो घंटे हो गये? तुरंत लेके आओ. और वो कौन खांस रहा है? धूर-बीर केलंय का? बंद करो पहले!"

रिक्षात नानांच्या मांडीवर क्रेट होता आणि पिवळं पिल्लू त्यांच्या शर्टाच्या आत, बनियनला चिकटलेलं. बदलापूर सोडून अंबरनाथच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर नानांबरोबर जाणं म्हणजे एरवी चालता-बोलता इतिहास असतो: हा टॉवर अमक्याच्या चिंचेवर, तो मॉल तमक्याच्या विहिरीवर. त्या दिवशी आम्ही उल्हासनगरपर्यंत कितीतरी इमारती मागे टाकल्या आणि नानांनी एकाही शेताचं नाव घेतलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

डॉक्टरणीने सोनोग्राफी केली आणि हातमोजे न काढताच बाहेर आली. "एक बच्चा आडवा अडकलाय. तो गेलाय बहुतेक. मागे अजून दोन आहेत, त्यांचे ठोके लागतायत. सिझर करावं लागेल. और अंकल, सुनो, गर्भाशय पण काढायला लागेल. दोबारा प्रेग्नंट हुई तो नहीं बचेगी."

"म्हंजे दुसऱ्या खेपंला..." नाना म्हणाले.

"दूसरी खेप नहीं है, अंकल."

नानांनी शर्टातल्या पिल्लावर तळहात धरला. मग म्हणाले, "पोरगी र्‍हायली पायजे. बाकी काय नको."

डॉक्टरणीने संमतीचा कागद पुढे केला आणि मालक कोण असं विचारलं. नाना एक पाऊल मागे सरले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मालक ते. मी बाप." डॉक्टरणीला हे कागदाच्या कुठल्या रकान्यात बसवावं ते कळेना. मी सही केली.

ऑपरेशनला तासभर लागला. बाहेर बाकावर एक मोठा लॅब्राडोर आपल्या मालकाच्या पायावर झोपला होता. नाना त्याच्याकडे बघत बोलू लागले, मला उद्देशून नाही, असंच.

"बिल्डर बोलला, दीड वर्सात ताबा देतो. आमचं जुनं घर पारलं. सहा वर्सं लागली. आमी तोवर विठ्ठलवाडीला भाड्यानं. एक खोली. मी, घरवाली आनि चार पेट्या. आमच्या पोरीला, वनिताला, सातवा लागला तवा मी आनायला गेलो, भिवंडीला. तिची सासू बोलली... वाईट नाय बोलली, खरा तोच बोलली. आनून ठेवनार कुठं, म्हनाली." त्यांनी शर्टाचं बटन चाचपलं. "दुसऱ्या टायमाला पन तोच. घरवाली रोज गोधड्या शिवायची. म्हनायची, तिसऱ्याला तर घर व्हईल. घर झालं, तवा तीच नाय र्‍हायली. आनि वनिता बोलली, बाबा, दोन पुरं."

मी म्हटलं, "बाज छान आहे."

"सागाची हाय," नाना म्हणाले.

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टॉवेल होता आणि टॉवेलमध्ये दोन काळी पिल्लं चुळबुळत होती. "आई ठीक आहे. खूब स्ट्राँग है आपकी बच्ची." नानांनी पहिल्यांदा शर्टातून पिवळं काढून त्या दोघांशेजारी ठेवलं आणि मग नाक पुसलं.

परतीच्या वाटेवर अंबरनाथ ओलांडताना त्यांनी एका अठरा मजली टॉवरकडे मान वळवली. "हा पाटलाच्या वालाच्या शेतावर," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला.

न जगलेलं चौथं पिल्लू त्यांनी सोसायटीच्या बागेत, फायबरच्या जिराफाशेजारी पुरलं. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. त्यांनी खाली यायचं टाळलं, याबद्दल मी त्यांचे जुने ठराव माफ केले.

आता प्रश्न उरला कस्तुरीला परत आणण्याचा. नाना म्हणत, बाळंतीण सव्वा महिना हलत नाही. मी यावेळी हिशोब करून गेलो. मांजराचा आठवडा म्हणजे आपला महिना, तर सव्वा महिना म्हणजे सव्वा आठवडा. नऊ दिवस. दहाव्या दिवशी दुपारी मी टोपली घेऊन खाली उतरलो. त्यांच्याच गणिताने त्यांना हरवायची ही एकमेव संधी होती आणि, खरं सांगायचं तर, जिन्यात मी वाक्य घोकत होतो.

नाना दाराबाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. दारात दोन लहान सँडलचे जोड आणि एक बाईची चप्पल. आतल्या हॉलमध्ये दोन पोरं मोबाइलचा आवाज बंद करून खेळत होती.

"नाना, सव्वा आठवडा झाला," मी सुरुवात केली.

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाजेवर एक चाळिशीची बाई कुशीवर झोपली होती, अंगावर साड्यांची गोधडी, दिवसाढवळ्या, कामाचं घर मागे सोडून आलेली माणसं झोपतात तशी गाढ. बाजेखाली शेगडी नव्हती, तिथे क्रेट होता, आणि क्रेटमध्ये कस्तुरी तीन पिल्लांना पाजत डोळे मिटून पडली होती. पिल्लं बघायला म्हणून वनिता सकाळी आली होती. बघून झालं आणि जरा पडते म्हणाली, त्याला तीन तास झाले होते.

लिफ्टचं दार धाडकन आपटलं. नाना खुर्चीतून निम्मे उठले, बाहेर आलेल्या कुरिअरवाल्याला त्यांनी हाताने थोपवलं आणि दबक्या आवाजात दटावलं,

"हलू जा रे. दोनी पोरी निजल्यात."

मी रिकामी टोपली घेऊन वर आलो. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सव्वा महिना. माणसांचा.