मागल्या जहाजाची गोफण

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'फक्त सहा माणसे' अशी पाटी आहे. एकदा सातवा माणूस आत शिरला, तर आमच्या मामांनी दारात काठी आडवी घातली आणि तो बाहेर पडेपर्यंत लिफ्ट तळमजल्यावर उभी ठेवली. सातवा माणूस मी होतो. हातात दह्याचं पातेलं होतं, आणि ते दही मामांसाठीच होतं.

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे मामा. पुंडलिकनगरात आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. पण सगळी नोकरी एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात गेली. लिहिलेला नियम त्यांना देवासारखा. न लिहिलेला कुणी सांगितला की संपलं. "कुठं लिहिलंय?" एवढंच विचारतात, पण अशा आवाजात की समोरच्याला आपला जन्मदाखला घरी आहे की नाही अशी शंका यावी. एका लग्नात वाढप्या "जिलबी दोनच" म्हणाला. मामांनी "कुठं लिहिलंय?" म्हणत पंगत थांबवली, नवरदेवाच्या बापाला बोलावून घेतलं, तिसरी जिलबी मिळवली आणि खाल्लीच नाही. त्यांना मधुमेह आहे.

अशा माणसाला फारुकी सरांनी तो खेळ दाखवला. सर छावणीत राहतात, मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. चिडले की मात्र थेट दख्खनीत उतरतात. खेळ त्यांना भाच्यानं दिलेला. षटकोनी घरांचा पट, पुठ्ठ्याची अंतराळजहाजं, फासे, आणि नियमांचं वीटभर जाड पुस्तक. ते पुस्तक हातात घेतल्यावर मामांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मामांच्या हॉलमध्ये तीन प्रौढ गृहस्थ एकमेकांची जहाजं उडवतात. तिघांचे तीन ताफे, सगळे सगळ्यांचे शत्रू. मी सगळ्यात आधी मरतो आणि मग सोफ्याखाली गेलेले फासे काढून द्यायचं काम करतो. मामा ताफ्याला कळप म्हणतात आणि क्षेपणास्त्राला लांडगा. "सुटला का लांडगा? कुणीकडं निघालाय?" असं ते ओरडतात तेव्हा वरून सुनंदा विचारते, "टीव्ही लावलाय का?"

प्रत्येक ताफ्यात एक मालवाहू जहाज असतं. ते हळू चालतं, मागं राहतं, आणि क्षेपणास्त्र नेमकं त्याच्यावरच जातं. मामांचं ते जहाज दर रविवारी मरायचं. मामा दर रविवारी नव्यानं भडकायचे.

"पुढल्या जहाजांना तोफा, ढाली, सगळं हाय. मागल्याला काय? काऊन नाय?"

"पुस्तकात नाही, मामा," सर म्हणायचे.

म्हणजे मामांचंच शस्त्र मामांवर! एका रविवारी त्यांनी पट्टीनं आखलेला कागद सरांपुढं आपटला. 'नवीन नियम : गोफण.' ज्या जहाजावर क्षेपणास्त्र येतंय, त्याच्या शेजारच्या घरातल्या कुठल्याही जहाजानं आपला डाव सोडून द्यायचा आणि गोफण फिरवायची. धोंडा बसला तर क्षेपणास्त्र वाटेतच फुटेल.

"आणि स्वतःवर आलं तर?" सरांनी विचारलं.

"सोतासाठी चालत नाय. गोफण राखणीला असती."

"शेजारचं जहाज तर शत्रूचंही असेल. त्याच्यासाठी स्वतःचा डाव कोण सोडेल? हे गणितात बसत नाही. नामंजूर."

"गणितात नाय बसत म्हून मागल्यानं मरायचं? ह्यो कुठला इन्साफ?"

"अरे मामू, खेल है ये! कायकू इत्ता गरम होरे?"

मी मध्ये पडायला तोंड उघडलं. "जावईबापू, तुमी गप बसा. तुमी मेलायत," मामा म्हणाले. हे नियमाला धरूनच होतं, म्हणून मी गप बसलो. मामांनी पट उचलून पेटीत कोंबला, पेटी सरांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

तीन रविवार खेळ बंद. मामांनी त्या तीन आठवड्यांत इमारतीत कुणाला सोडलं नाही. दूधवाला जिन्यात पिशवी ठेवून पळायला लागला. सर मला फोन करून विचारायचे, "मामू कैसे हैं?" मी म्हणायचो, "तुम्ही विचारा." दोघंही हट्टी, मधल्या मध्ये आमचं दूध नासत होतं.

चौथ्या रविवारी मामा वर आले. "गाडी काढा. पाचोडला जायचंय. तज्ज्ञाला विचारायचंय."

तज्ज्ञ म्हणजे त्यांची थोरली बहीण, सुनंदाची मावशी, आक्का. पाठीतून वाकलेली, डोळ्यांना अंधुक दिसणारी. मामांनी कागद काढला आणि भांडायच्याच सुरात विचारलं, "आक्का, धा धोंडं मारलं तर बसायचं किती?"

"नऊ," आक्का म्हणाली. "धाव्याला तू मधी यायचास."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "व्हय जावईबापू, ह्यो कळपाच्या लई मागं. चालता चालता पुस्तक वाचायचा. लांडगा आधी मागल्यावरच येतो की. ह्याला कधी कळलंच नाय की धोंडा कुणासाठी मारला."

"तुम्हाला शाळेत नाही घातलं का, आक्का?" मी विचारलं.

"मंग मेंढरं कुणी राखायची? बापाला म्हनलं, मी राखते, ह्याला घाल." एवढं सांगून तिनं आम्हाला भाकरी वाढली.

मामा परतीच्या वाटेवर एकाही ट्रकवाल्यावर ओरडले नाहीत. मला गाडी नीट चालवता येईना. घरी आल्यावर त्यांनी कागदावर एक ओळ वाढवली आणि सरांना नेऊन द्यायला सांगितलं. स्वतः जाणार नाहीत. तसं कुठं लिहिलंय?

छावणीत सरांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. 'फाशावर पाच किंवा सहा पडल्यासच धोंडा बसला असे समजावे, कारण प्रत्येकजण आक्का नसतो.'

"आक्का कोण?"

मी सांगितलं. सरांनी खिशातून पेन काढून खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि कागद पुस्तकात टाचून टाकला.

पुढच्या रविवारी खेळ सुरू झाला आणि त्या दिवशी घडू नये ते घडलं. मी जिंकत होतो. सोफ्याखाली न जाता, चक्क जिंकत होतो! मामांचं एकच जहाज उरलं होतं, ते मालवाहू. शेजारच्या घरात सरांचं जहाज होतं, आणि डाव सरांचा होता. तोफेच्या एका गोळ्यात ते मला उडवू शकले असते. पण माझं क्षेपणास्त्र मामांवर सुटलं होतं. ते बसलं की मामा संपले.

सरांनी तोफेवरचा हात काढला. "गोफण," ते म्हणाले आणि फासा टाकला. सहा.

मी भडकलो. मला मामांची भीती वाटते, पण जिंकण्याची सवय नसलेल्या माणसाला हरणं फार लागतं. "सर, शत्रूला वाचवायचं? कुठं लिहिलंय हे?"

सरांनी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. टाचलेला कागद वरच होता.

मी मामांकडं पाहिलं. आता खिदळतील, मला मेलेला म्हणतील. मामा उठले आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांचा फोन सगळ्या इमारतीला ऐकू जातो.

"आक्का, बसला गं धोंडा."

पलीकडून आक्काचा आवाज आला, "मागलं वाचलं का?"

"वाचलं," मामा म्हणाले.