कानामागची पट्टी

"समुद्राची काय बिशाद! औषध आधीच रक्तात पोचलेलं असलं, की लाट आली काय नि गेली काय!"

धक्क्यावर बोटीची वाट बघत मिलिग्रॅमराव हे इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेजारी पेंगत बसलेल्या म्हाताऱ्याने डोळे उघडून समुद्राकडे पाहिलं.

मिलिग्रॅमराव हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्यांचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक डोकेदुखीची साधी गोळी मागायला आलं, तरी ती गोळी घशातून कुठे जाते, कुठे विरघळते, रक्तात किती उतरते आणि शेवटी कुठून बाहेर पडते, हे सगळं ऐकवल्याशिवाय ते पुडी हातात ठेवत नसत. तोवर निम्म्यांची डोकेदुखी आपोआप थांबे, उरलेल्यांची दुप्पट होई! बायको मात्र रागावली की त्यांना 'कंपाउंडर' म्हणे. हा एकच शब्द त्यांच्या जिव्हारी लागत असे.

आज ते बेटावर निघाले होते. मुलगी तिथल्या शाळेत शिकवायची. तिचा फोन आला होता, "बाबा, मला तुमची एकाशी भेट घालून द्यायचीय." एकाशी! झालं, बायकोने नवी साडी काढली, मेव्हण्याला बोलावून घेतलं. अडचण एकच होती. बेट म्हणजे बोट आणि बोट म्हणजे उलटी! होणाऱ्या जावयापुढे हिरव्यागार चेहऱ्याने उतरणं मिलिग्रॅमरावांना मंजूर नव्हतं. म्हणून त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची पट्टी लिहून घेतली आणि पहाटेच घरी लावून टाकली.

"पण भाऊजी, पोट ढवळतं आणि औषध कानामागे?" मेव्हण्याने विचारलं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. देहही साधारण फ्रिजएवढाच. त्याने पट्टीला साफ नकार दिला होता. त्याच्या खिशात गोळी होती.

"तिथेच तर गंमत आहे! गोळी गिळलीस की ती पोटात जाणार, मग आतड्यात, तिथून यकृतात. यकृत म्हणजे जकातनाका! बराचसा माल तिथेच अडवून ठेवतात. आणि पट्टी? कातडीतून थेंबाथेंबाने थेट रक्तात! मागच्या दाराने! कुणाला पत्तासुद्धा नाही!"

"आणि मला उलटी झाली तर?"

"तर गोळीही बाहेर. जकात भरायचीसुद्धा गरज नाही!"

तसंच झालं. बोटीने बंदर सोडलं, मेव्हण्याने गोळी गिळली, दुसऱ्याच मोठ्या लाटेला ती परत केली आणि भाऊजींच्या डाव्या दंडावर डोकं ठेवून तो गाढ झोपून गेला. मिलिग्रॅमराव मात्र ताठ बसले होते. पोट शांत, चेहरा प्रसन्न! फक्त तोंड कोरडं पडलं होतं. पट्टीचा तो गुणच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. घामाने पट्टीचं एक टोक सुटत होतं, तेवढं ते बोटाने अधूनमधून दाबत होते. मध्येच खारं पाणी उडालं. उजवा डोळा चुरचुरला. त्यांनी त्याच बोटाने तो छान चोळला आणि पुन्हा समुद्राकडे विजयी मुद्रेने बघत बसले.

बराच वेळ गेला. बेटाची टेकडी धूसर दिसू लागली. बायकोने डबा उघडून विचारलं, "अहो, काही खाणार का?" आणि त्यांच्याकडे बघताच डबा तसाच मिटला.

"अहो! तुमचा एक डोळा मोठा झालाय!"

"डोळा कसा मोठा होईल? आंबा आहे का तो?"

"डोळ्यातलं काळं बुबूळ हो! एक मोहरीएवढं नि एक वाटाण्याएवढं!"

त्यांनी तेच पुन्हा ऐकवलं, पण आता कोरड्या तोंडामुळे "आंबा आहे का तो" हे वाक्य बाहेर पडताना "आम्मा आये का तो" असं पडलं. बायको किंचाळली, "आईला हाक मारतायत!"

मागच्या बाकावर एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. त्या तीरासारख्या आल्या. त्यांनी डोळा पाहिला आणि म्हणाल्या, "जरा हसून दाखवा."

मिलिग्रॅमराव हसले. पण कोरड्या दातांना वरचा ओठ एका बाजूला जो चिकटला, तो खाली येईना! निम्मं तोंड हसतंय, निम्मं तोंड सुतकात!

नर्सबाईंचा चेहरा गंभीर झाला. "दोन्ही हात वर करा."

उजवा हात झटकन वर गेला. डावा मात्र जागचा हलेना! हलणार कसा? इतका वेळ फ्रिजखाली दाबला गेला होता. पार बधिर!

"वाकडं तोंड, जड जीभ, लुळा हात, बुबुळात फरक! मेंदूचा झटका असू शकतो. बेटावर मोठं हॉस्पिटल नाही. बोट मागे वळवा!"

कप्तानाने भोंगा वाजवला. टेकडी नजरेच्या टप्प्यात आलेली ती बोट सावकाश गोल फिरली आणि आल्या वाटेने परत निघाली. प्रवाशांत एकच गलका उडाला! कुणाचं लग्न चुकणार होतं, कुणाच्या टोपल्यातल्या कोंबड्या कावल्या होत्या. पण बाकावर आडवा केलेला माणूस बघून सगळे चुकचुकले आणि एकमेकांना रक्तदाबाच्या गोष्टी सांगू लागले.

आडवे पडल्यापडल्या मिलिग्रॅमरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोट! समुद्रातली नव्हे, हाताचं! पट्टी, बोट, डोळा! औषध डोळ्यात गेलं तर बुबूळ पसरणारच. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच!

ते ताडकन उठले. "पट्टी! अगं, पट्टी!"

पण कोरडी जीभ! बायकोला ऐकू आलं "पत्नी! अगं, पत्नी!"

"इथेच आहे हो तुमची पत्नी!" ती हुंदका देऊन म्हणाली आणि त्यांना पुन्हा आडवं केलं. "काही बोलू नका. मी फार छळलं हो तुम्हाला! आजपासून कंपाउंडर म्हणणार नाही. तुमच्यासारखा हुशार माणूस अख्ख्या गावात नाही!"

मिलिग्रॅमरावांचं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी अलगद मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच कानावर पडत होतं. शिवाय आता खरं सांगायचं म्हणजे त्या भरलेल्या बोटीला, आणि विशेषतः कोंबडीवाल्याला, तोंड द्यायचं. किनारा आला की बघू, असं त्यांनी ठरवलं आणि क्षीण आवाजात "पत्नी..." असं आणखी एकदा म्हणून घेतलं.

बायकोने रडतरडत त्यांच्या मानेवरून, कानामागून हात फिरवला. तिथे काहीतरी सुटत आलेलं लागलं. दाढी करताना कापलं असेल बिचाऱ्यांना, म्हणून तिने ते मायेने घट्ट दाबून बसवलं. आणि त्याच बोटांनी आपले दोन्ही डोळे पुसले.

धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होतीच. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासायला घेतलं, तपासण्या केल्या, फोटो काढला. मेंदू ठणठणीत! हात कधीच सुधारला होता. पाणी पिताच जीभही सरळ झाली. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं.

"आणि तुमच्या डोळ्यांना काय झालं? ही तर दोन्ही बुबुळं मोठी आहेत!"

"साथ!" मेव्हणा दारापर्यंत मागे सरकला. "ताई, मला हात लावू नकोस!"

"बाबा रे, साथ नाही," मिलिग्रॅमराव कसनुसं हसत म्हणाले. मग काही न बोलता त्यांनी मान वळवून कानामागचा भाग पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने पट्टी काढली. तिच्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "ही लावल्यावर डोळ्याला हात लावायचा नसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं? नर्सबाईंनी केलं ते योग्यच केलं, अशी लक्षणं दिसली की थांबायचं नसतं. पण तुम्ही... काय करता आपण?"

"औषधांचं दुकान आहे भाऊजींचं!" मेव्हणा अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि झाकण जरा जोरातच लावलं.

"बोटीतच कळलं होतं का तुम्हाला?" बायकोने हळूच विचारलं.

"सांगत होतो गं. तूच ऐकलं नाहीस."

"एकदा नाही ऐकलं. आणि दुसऱ्यांदा जे 'पत्नी' म्हणालात ते?"

मिलिग्रॅमरावांना अचानक खिडकीबाहेरचं झाड फार आवडलं. बायको शब्द पाळणारी होती. ती त्यांना कंपाउंडर म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. ते जास्त वाईट होतं!

डोळे पूर्ववत व्हायला वेळ लागेल, असं सांगून डॉक्टरीणबाई गेल्या, आणि संध्याकाळच्या बोटीने मुलगी धावतपळत आली. रडून लाल झालेली. बरोबर तो 'एक'ही होता. बुटका, सावळा, विस्कटलेल्या केसांचा. प्रवासभर त्याला बोट लागली होती, तरी येताना त्याने पिशवीभर फळं आणली होती आणि ती कुठे ठेवावी हे न कळून तो दाराशी तसाच उभा राहिला.

"आई, हा तो," मुलगी म्हणाली.

बायकोने मान वर केली. पसरलेल्या बुबुळांवर उजेड आदळला तशी ती एकदम थक्क झाली. दोन्ही हात जोडून ती कौतुकाने भरलेल्या स्वरात म्हणाली, "अगं बाई! किती तेजस्वी मुलगा आहे गं! चेहऱ्याभोवती नुसतं वलय पसरलंय! मला पसंत आहे!"

मुलीने आईला मिठी मारली. मुलगा लाजून चूर झाला.

मिलिग्रॅमरावांचा डावा डोळा शाबूत होता. त्या डोळ्याने त्यांना मुलाच्या डोक्यामागे भिंतीवर लावलेला ट्यूबलाइट स्पष्ट दिसत होता. त्यांनी तो डोळा मिटून घेतला आणि म्हणाले, "मलाही!"