लघुग्रहाच्या स्वारीत ड्रिल कामी आले त्याची हकीकत

हे वर्तमान कोणी खरे मानणार नाही, आणि मानील तो आमच्या सातपूरचा नव्हे; तरी सांगणे प्राप्त. कारण की सिन्नरचे कांदाधीश राजश्री खंडेराव यांची आज्ञा जाहली जे, कांदाचाळीवर पत्रे ठोकावयाचे खोळंबले, कांदा उघड्यावर पडला. आमचे ड्रिल मशीन नेले त्याचे काय केले, ते गोटीराम मिस्तरी यांणी चारचौघांत सांगावे. म्हणोन चहाच्या टपरीवर निवेदन केले ते ऐसे.

आमचे भाचे चिरंजीव रोहित यांणी मोबाईलवर दाखविले जे, आकाशी एक लघुग्रह फिरतो, त्यात प्लॅटिनम अपरंपार, आणि आजच्या भावाने विकिता अवघी सातपूरची वसाहत खरेदी होईल. मग मसलत ठरली. तो कुटुंब रंगूबाई यांचे फर्मान सुटले जे, दगडच आणायचा तर गोदाकाठी गंगेवर काय कमी पडलेत? ते फर्मान शिरसावंद्य मानिले आणि तैसेच बाजूस ठेविले, आणि वर्कशॉपात पिंपास पिंप जोडोन यान सिद्ध केले.

मग रसदेची पंचाईत. इंधन न्यावे तर ते वाहावयास आणिक इंधन, आणि त्यास आणिक टाकी, आणि त्या टाकीस आणिक इंधन, ऐसे करिता बसावयास जागा उरेना. मग रोहितरावांस खाली उतरविले आणि खासा स्वारी एकटी चढली. वर पाहतो तो वजन म्हणोन नाहीच! ड्रिल लाविले तो दगड जागीच आणि आम्हीच गरगर. भुगा उडाला तो खाली पडेना, नाकातोंडी जाय. मग दगडास दोराने आवळिले, दोर कमरेस बांधिला, आणि शर्थ करोन यान गच्च भरिले.

पुढे घात जाहला तो आपल्याच सवयीने. परतीचे वाटेवर व्यापाऱ्यास फोन केला जे, उद्या गाडी भरून माल घालतो, भाव काय? आवक येते ही खबर फुटली आणि भाव कोसळला. आम्ही खाली यावे, तो भाव आमच्या आधी खाली. प्लॅटिनम कांद्याच्या मोलास आले, आणि इंधनाचा खर्चही निघेना. मग जिल्ह्याची जी रीत तीच केली: यानाचा मागला फाळका उघडिला आणि सगळा माल वाटेतच ओतोन दिला. आवक तुटली ऐसे कळताच भाव सावरला. बाजार राखिला, मोठी फत्ते जाहली! त्या गर्दीत ड्रिल मात्र मालाबरोबर गेले, लढता लढता कामी आले. ते अद्याप आकाशी फिरते आहे. खंडेराव यांणी शोक न करावा, अभिमान धरावा. येणेप्रमाणे विजय नोंदला असे.

खंडेरावांनी कप खाली ठेवला.

"लय भारी लढाई, गोटीरामभाऊ. पण माझं ड्रिल वायरीचं हाय. वर प्लग कुठं खोचला?"