सहा महिने पुरलेला रोल

धर्माकाकांनी मला सहा महिने फसवलं. माझ्याच शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत.

अंबरनाथला माझं ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. घासताना जॉबवर, म्हणजे घासायच्या लोखंडी भागावर, तो गार राहावा म्हणून पांढरं कूलंट सोडावं लागतं. त्यात लोखंडाची भुकटी राहिली, की चकचकीत जॉबवर ओरखडे पडतात आणि माल परत येतो. ते कूलंट साफ करायचं काम काकांचं. मी हेल्पर होतो तेव्हा त्यांनीच मला मशीन शिकवलं. त्यामुळे मी मालक झालो तरी त्यांच्यासाठी ‘बाला’च.

काकांचे वडील मिठागरात होते. तिथे एका वाफ्यात पाणी निवळलं की पुढच्यात सोडतात. काकांनी तेच केलं. कापलेले तीन ड्रम पायऱ्यांसारखे मांडले. ‘‘ढवलू नको, बसू दे,’’ हा त्यांचा मंत्र. मी फोनवर कुणाला शिव्या घालायला लागलो की माझ्यापुढेही पाण्याचा तांब्या ठेवून तेच, ‘‘बाला, बसू दे.’’

मला हे सगळं गावठी वाटायचं. उल्हासनगरहून मी कागदी फिल्टरचं यंत्र आणलं. व्यापारी म्हणाला, कागद बारीक घ्या. मी घासाघीस करून स्वस्तातला जाडाभरडा घेतला. काकांना सांगितलं, ‘‘ड्रम भंगारात काढा. तुम्ही आता दुपारी या, पॅकिंगला.’’

‘‘बरं,’’ म्हणाले. शेडची किल्ली तेवढी परत द्यायला विसरले.

यंत्राने कमाल केली. जॉब आरशासारखे, आणि कागदाचा एकच रोल सहा महिने पुरला! येईल त्याला मी तो दाखवत सुटलो. व्यापारीच चक्रावला. ‘‘साईं, हमारा कागज इतना चलता नहीं!’’

म्हटलं, ‘‘घेणारा कोण आहे?’’

गेल्या आठवड्यात काका तापाने पडले. दुसऱ्याच दिवशी अख्ख्या लॉटवर ओरखडे. यंत्र उघडलं. हिरवा दिवा चालू, पण कागद पुढे सरकवणाऱ्या मोटरची वायर सोडवलेली. मागे पत्र्याआड तेच तीन ड्रम, पायऱ्यांसारखे मांडलेले, तळाशी भुकटीचा ओला गाळ.

तडक जांभूळला काकांच्या घरी गेलो. घरात एक खाट, एक ताट.

‘‘सांगितलं का नाही?’’

‘‘तू लोकांना दाखवीत व्हतास. किती खूश व्हतास.’’

‘‘म्हणून पहाटे येऊन मरायचं?’’

‘‘इथं उठून करू काय? तिथं मशिनी तरी हायेत.’’

मी ओरडायला तोंड उघडलं. त्यांनी तापातही तांब्या पुढे केला.

सहा महिने मी यंत्राला हार घातला आणि माणसाला दुपारी बोलावलं. मला असं मूर्ख ठेवल्याचा जाब काकांनी दिलाच पाहिजे. ताप उतरला की, सकाळी सहाला, ड्रमपाशी, माझ्यासमोर. चहा मी टाकून ठेवीन.